क्लायंट डोक्यावर बसला की काय करायचं: व्हीएचं (व्हर्च्युअल असिस्टंट, म्हणजे घरबसल्या ऑनलाइन दुसऱ्याच्या ऑफिसची कामं सांभाळायचं) काम करणाऱ्यांसाठी

त्रासदायक क्लायंट म्हटलं की आरडाओरडा करणारा माणूस डोळ्यासमोर येतो, पण माझं ऐकाल तर आधी त्याचे मागचे दोन-तीन इनव्हॉइस काढा आणि पैसे कधी आले ते बघा. जो दिवसभर मेसेज टाकतो, कुरकुर करतो, एकाच पोस्टचा फॉन्ट दहा वेळा बदलायला लावतो पण ठरलेल्या तारखेला पैसे टाकतो, तो क्लायंट सुधारतो. आणि जो "ताई तुमच्याशिवाय आमचं पान हलत नाही" म्हणतो पण फेब्रुवारीचं बिल मे उजाडला तरी "करतो करतो" वरच आहे, तो सुधारत नाही, त्याच्यावर मेहनत घालवू नका. हे दोन एकदा वेगळे केले की अर्धं टेन्शन तिथेच जातं, कारण पहिल्याला सवयी लावायच्या असतात आणि दुसऱ्याकडून फक्त वसुली करून बाहेर पडायचं असतं. आपण नेमकं उलटं करतो, ओरडणाऱ्याला सोडतो आणि गोड बोलणाऱ्याला सांभाळत बसतो.

आधी पैसे देणाऱ्या पण डोकं खाणाऱ्याबद्दल

हा माणूस बहुतेक वेळा घाबरलेला असतो. त्याच्या जागी जाऊन बघा ना, त्याने आपला ईमेल, कॅलेंडर, कस्टमरची लिस्ट अशा व्यक्तीच्या हातात दिलीय जिला तो कधी भेटलेला नाही, आणि तुम्ही काम करताय की झोपलाय हे त्याला दिसत नाही. म्हणून तो विचारत राहतो. त्याने विचारायच्या आधी आपण सांगितलं की विचारणं आपोआप कमी होतं. रोज एक छोटा मेसेज, तीनच ओळी: आज काय झालं, काय चालू आहे, आणि तुमच्याकडे काय अडकलंय. यातली तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण लोगो त्याने पाठवला नाही आणि उशीर मात्र तुमच्या नावावर, हा प्रकार फार होतो. रोज तारखेसकट "लोगोची वाट बघतेय" असं लिहिलेलं असलं की महिनाअखेरीला वाद घालायची गरजच पडत नाही. आणि हा मेसेज त्याचा दिवस सुरू व्हायच्या आधी जायला हवा, नंतर गेला तर तो उत्तर दिल्यासारखा वाटतो. जीमेलमध्ये शेड्यूल सेंड आहे, वापरा.

अमेरिकेतल्या रिअल इस्टेट एजंटबरोबर काम करत असाल तर अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, तिकडे घरांची क्लोजिंग, म्हणजे विक्रीचे व्यवहार पूर्ण होणं, महिन्याच्या शेवटी जास्त असतात, त्यामुळे २५ तारखेनंतर चांगला माणूससुद्धा विंचू चावल्यासारखा वागतो. त्या आठवड्यात नवीन सिस्टीम बसवणं, रेट वाढवायचा विषय, सुट्टी मागणं, काही काढू नका. चेकलिस्ट आधीच तयार ठेवा, कुठल्या डीलमध्ये कुठला कागद बाकी आहे ते एका शीटमध्ये, बस. आणि हाच एजंट कधीतरी म्हणेल की तूच बायरला फोन करून किमतीचं बोलून घे. नाही करायचं. तिकडे असं निगोशिएशन करायला त्या राज्याचं लायसन्स लागतं, विना लायसन्स असिस्टंटने अपॉइंटमेंट घ्यायची, कागद गोळा करायचे, लिस्टिंगची (विकायला काढलेल्या घराची) माहिती भरायची, इथपर्यंतच. त्याला सरळ सांगा की यात तुझंच लायसन्स अडचणीत येईल. स्वतःचं नुकसान दिसलं की माणूस पटकन ऐकतो.

सगळंच अर्जंट असणारा क्लायंट वेगळा. त्याच्याकडे पाच कामं आली तर पाचही आजच हवी असतात. त्याला "एवढं होणार नाही" म्हणू नका, त्यातून फक्त तुम्ही आळशी आहात एवढाच निष्कर्ष निघतो. पाचही कामं लिहा, प्रत्येकापुढे लागणारा वेळ टाका, एकूण नऊ तास होतात आणि आज आपल्याकडे चार आहेत, यातलं पहिलं कुठलं घेऊ असं विचारा. निर्णय त्याच्याकडे गेला पाहिजे. पहिल्यांदा चिडतो, दोन-तीनदा झालं की स्वतःच नंबर टाकून पाठवायला लागतो.

आपल्याकडच्या क्लायंटचा खास प्रकार म्हणजे व्हॉइस नोट. गाडी चालवताना सात मिनिटांची व्हॉइस नोट, त्यात तीन कामं, दोन जुन्या तक्रारी आणि मध्येच टोलनाक्यावरचं भांडण. ऐकून घ्या आणि लगेच लिहून परत पाठवा, "सर, मी असं समजले: एक हे, दोन ते, तीन शुक्रवारपर्यंत. बरोबर ना?" त्याने नुसता अंगठा दाखवला तरी चालतं. दोन महिन्यांनी "मी असं सांगितलंच नव्हतं" आलं की वर स्क्रोल करून तोच मेसेज फॉरवर्ड करायचा, वर एक शब्द लिहायचा नाही.

अप्रूव्हल लटकवणाऱ्यांसाठी एक ओळ फार कामाची: "गुरुवारी दुपारी बारापर्यंत बदल आला नाही तर हेच शेड्यूल करते." पण ही ओळ फक्त रोजच्या पोस्ट, न्यूजलेटरचा ड्राफ्ट असल्या गोष्टींसाठी. जाहिरातीचं बजेट, रिफंड, कायदेशीर काही, त्याच्या कस्टमरला जाणारं पैशाचं पत्र, यात गप्प बसणं म्हणजे होकार असं कधीच धरायचं नाही, तिथे लेखी हो आल्याशिवाय बोट लावू नका.

वेळेचं भांडण

रात्री दीडला "आर यू देअर?" येतं त्यात प्रत्येक वेळी क्लायंटचा माज नसतो, पुष्कळदा त्याला आपल्याकडे किती वाजलेत याचा पत्ताच नसतो. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात, कारण मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. लंडनचं वेगळं, त्यांचं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. म्हणजे दोन्हीकडचे क्लायंट असतील तर मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर संपताना आठवडाभर तुमचं नेहमीचं गणित चुकणार आणि कोणीतरी कॉलवर एक तास ताटकळणार. मिटिंगची वेळ नेहमी क्लायंटच्या टाइमझोनमध्ये कॅलेंडरला टाका म्हणजे ती आपोआप सरकते.

"एंड ऑफ डे" हा तर सापळाच. कोणाचा दिवस? न्यूयॉर्कचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपली मध्यरात्र उलटून अडीच किंवा साडेतीन. त्यामुळे कोणी ईओडी म्हणालं की लगेच "तुमच्या मंगळवारी सकाळी नऊला इनबॉक्समध्ये असेल" असं उत्तर द्यायचं. त्यालाही चालतं, तो झोपलेला असताना काम होतं, आणि तुमचीही रात्र वाचते.

कामाचे तास पहिल्याच आठवड्यात लिहून द्या आणि मुख्य म्हणजे स्वतः पाळा. रात्री अकराला एकदा उत्तर दिलंत की पुढे प्रत्येक रात्री अकराला अपेक्षा राहते, मग बिझनेस व्हॉट्सॲपवर अवे मेसेज लावून काय उपयोग. मेसेज वाचायचा मोह होत असेल तर कामासाठी वेगळा नंबर घ्या, हे मी सगळ्यांना सांगते आणि कोणी ऐकत नाही.

सुट्ट्यांची यादी जुलैमध्येच पाठवून टाका. अमेरिकन माणसाला गणपती माहीत नसतो, दिवाळीचं नाव ऐकलेलं असतं. गणपतीला कोकणात गावी जाणार असाल तर "नेटवर्क बघून काम करीन" असं अर्धवट बोलू नका, तिथे एक दांडी येते ती पण आंब्याच्या झाडाखाली. सरळ पाच दिवस सुट्टी सांगा आणि त्याआधीच्या आठवड्यात पोस्ट शेड्यूल करून ठेवा.

"जरा एवढं करून द्या ना"

हा पूर्णपणे घरचा आजार आहे. इन्स्टाग्राम सांभाळायला घेतलेलं असतं, मग एक दिवस कॅनव्हात लग्नाचं कार्ड, मग मुलाच्या शाळेचा प्रोजेक्ट टाइप करायचा, मग सकाळी दहाला तत्काळचं तिकीट. प्रत्येक काम वीस मिनिटांचं असतं आणि क्लायंट म्हणजे कोणाचे तरी दादा नाहीतर मामा असतात, नाही कसं म्हणणार. नाही म्हणायची गरजही नाही. म्हणा, "हो दादा, करते, हे आपल्या पॅकेजच्या बाहेर आहे ना, मग या महिन्याच्या तासांमधून वळते करू की वेगळं लावू?" आवाज गोडच ठेवा. बहुतेक वेळा "राहू दे मग, मीच बघतो" असं येतं.

हे जमायचं असेल तर मुळात पॅकेज तासांत असायला हवं. "महिन्याला आठ हजार, सोशल मीडिया सगळं" असं ठरवलंत तर 'सगळं' या शब्दात लग्नाचं कार्डही बसतं. त्याऐवजी आठ हजारात चाळीस तास, महिन्याला बारा पोस्ट, प्रत्येकीला दोनदा बदल, तिसऱ्या बदलापासून तास मोजले जातील, उरलेले तास पुढच्या महिन्यात जाणार नाहीत. स्टॅम्प पेपर वगैरे लागत नाही, ईमेलवर लिहा आणि त्याच्याकडून "मान्य" एवढं उत्तर घ्या. पहिल्यांदा एखादं फुकट काम करून द्यायचंच असेल तर इनव्हॉइसमध्ये त्याची ओळ टाका, किंमत लिहा आणि खाली शंभर टक्के सूट दाखवा. ही युक्ती छोटी आहे पण फुकट म्हणजे किती रुपयांचं फुकट ते समोरच्याला दिसतं.

चिडलेला क्लायंट

मोठमोठ्या अक्षरांत मेसेज आला, पाच उद्गारचिन्हं, तर पहिलं उत्तर दोन ओळींचं: मेसेज मिळाला, बघते, अमुक वाजेपर्यंत काय झालं ते सांगते. आणि त्या वेळेला खरंच सांगायचं. मधल्या वेळात कारण शोधा. चूक आपली असेल तर काय चुकलं, काय दुरुस्त केलं, परत होऊ नये म्हणून काय बदललं एवढं लिहा, घरी पाहुणे होते, लाइट गेली होती हे नको. चूक त्याची असेल तरी "तुम्हीच तर" ने सुरुवात करू नका, फक्त तारखेसकट क्रम लिहा, सोमवारी फाइल आली, तिच्यात वेळ चारची होती, मंगळवारी तीच लावली. वाचणाऱ्याला कळतं. लांबलचक चॅट करत बसण्यापेक्षा दहा मिनिटांचा कॉल बरा, पण कॉल झाल्यावर ठरलेलं ईमेलवर टाकलंच पाहिजे.

शिव्या किंवा जातीवरून, बाईमाणूस म्हणून काही बोलला तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा. एकदाच लिहा की या भाषेत काम होणार नाही, परत झालं तर बंद.

आता पैसे

देशातला क्लायंट असेल तर आजच करायची गोष्ट म्हणजे उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी. आधार आणि पॅनवर होते, सरकारी पोर्टलवर फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार नोंदणी असलेल्या छोट्या सेवा देणाऱ्याला ठरलेल्या मुदतीत पैसे मिळायला हवेत, करारात काहीही लिहिलं तरी ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त धरत नाहीत, आणि लेखी काहीच ठरलेलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. पैसे बुडायची वेळ आली तर एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार टाकता येते. उद्यम नंबर इनव्हॉइसवर छापा, काम सुरू करायच्या आधी नोंदणी झालेली असली पाहिजे हेही लक्षात ठेवा.

पण माझ्या मते व्याजापेक्षा जास्त चालणारं हत्यार दुसरंच आहे. एप्रिल २०२४ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षाच्या इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. क्लायंटला हे माहीत नसतं, त्याच्या सीएला पक्कं माहीत असतं. म्हणून तिसऱ्या आठवणीच्या वेळी ईमेलमध्ये अकाउंटंटला पण ठेवा आणि साधं लिहा की आमची उद्यम नोंदणी आहे, हे बिल ४५ दिवसांच्या पुढे चाललंय, कृपया बघाल का. मार्चमध्ये तर हा ईमेल फार जोरात चालतो.

कोणी म्हणालं की टीडीएस (बिलातून आधीच कापून सरकारला भरायचा टॅक्स) कापून दिलाय, तर इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर आपल्या पॅनवर तो दिसतोय का ते बघा. कापला आणि भरलाच नाही असे पण महाभाग आहेत, मग तो टीडीएस कसला, ते तुमचं त्याच्याकडचं येणंच राहिलं.

परदेशी क्लायंट बुडवून गेला तर त्याच्यामागे तिकडच्या कोर्टात जाणं आपल्याला परवडत नाही, म्हणून तिथे सगळा खेळ आधीचा आहे. अपवर्कवर (फ्रीलान्स कामं मिळतात ती वेबसाइट) तासाचं काम असेल तर तिथला वेळ मोजणारा ट्रॅकर लावूनच करा, मेमो, म्हणजे काय काम चाललंय त्याची नोंद, भरा. तो साधारण दर दहा मिनिटांत एक स्क्रीनशॉट घेतो, त्याचा राग येतो खरा पण क्लायंटने वाद घातला तर तुमच्या बाजूने तेच उभं राहतं, हाताने टाकलेल्या तासांना ते संरक्षण नाही. तिथला आठवडा यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळ) संपतो म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला. फिक्स्ड प्राइस असेल तर माइलस्टोनचे (कामाच्या ठरलेल्या टप्प्याचे) पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे काम होईपर्यंत प्लॅटफॉर्मकडे, जमा झालेत हे दिसल्याशिवाय फाइल उघडू पण नका. काम सबमिट केल्यावर क्लायंट १४ दिवस गप्प बसला तर पैसे आपोआप सुटतात, पण सबमिटचं बटण दाबलं तरच. नुसतं चॅटमध्ये फाइल पाठवून वाट बघणारे खूप जण आहेत.

थेट क्लायंट असेल तर महिन्याचे पैसे आगाऊ, निदान अर्धे. पेपॅलवर आलेल्या पैशावर समोरचा १८० दिवसांपर्यंत डिस्प्यूट (पैसे परत मागायची तक्रार) टाकू शकतो, तेव्हा पैसे बँकेत आले म्हणून चॅट आणि फाइली पुसून टाकू नका.

आठवण करायला लाज वाटते ना? मग ठरलेले दोन ईमेल आधीच लिहून ठेवा. मुदतीच्या दिवशी एक साधा, चौथ्या दिवशी दुसरा आणि त्यात "दहा तारखेपर्यंत नाही आलं तर अकरापासून काम थांबवते" ही ओळ, आणि दहा तारीख गेली की खरंच थांबवायचं. शांतपणे, न भांडता. थांबवणार म्हणून सांगून परत पोस्ट टाकलीत की तुमच्या पुढच्या कुठल्याही तारखेला किंमत राहत नाही.

एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही. पैसे दिले नाहीत म्हणून त्याच्या इन्स्टाचा पासवर्ड बदलणं, पेज डिलीट करणं, ड्राइव्हमधल्या फाइली उडवणं. राग कितीही खरा असला तरी २००० च्या आयटी कायद्यात कलम ४३ आणि ६६ आहे, मालकाला त्याच्याच अकाउंटमधून बाहेर ठेवणं त्यात बसतं आणि तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे त्याने बुडवलेले असतात आणि पोलीस स्टेशनला तुम्ही चकरा मारता. न दिलेलं काम अडवून धरा, दिलेलं नाही.

ज्यांना सुधारायला जायचंच नाही

तुमच्या बँक खात्यावर पैसे घेऊन पुढे पाठवायला सांगणारा, गिफ्ट कार्ड विकत घ्यायला लावणारा, तुमच्या नावावर सिम किंवा अकाउंट उघडायला सांगणारा, "टेस्ट" म्हणून आठवडाभराचं फुकट काम मागणारा. पहिले तीन सरळ फसवणूक आहेत आणि खातं तुमचं असल्यामुळे चौकशी तुमच्याकडेच येते. मध्यरात्री कामाशिवाय व्हिडिओ कॉल करणारा, फोटो मागणारा हाही त्यातच. मुलींनो, याला समजावत बसू नका, स्क्रीनशॉट काढा, प्लॅटफॉर्मवर रिपोर्ट करा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते, आणि घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा.

सोडायचं ठरलं तर

नवीन क्लायंट मिळाल्यावर सोडीन म्हणून सहा महिने कुढत बसतात लोक. एका क्लायंटकडून निम्म्याहून जास्त कमाई येत असेल तर सोडणं अवघड होणारच, म्हणून आधी ते कमी करायच्या मागे लागा. मग दोन आठवड्यांची नोटीस, कारण एका ओळीत, "माझ्या कामाच्या तासांत बदल होतोय" पुरतं, त्याच्या स्वभावावर निबंध नको. शेवटचं इनव्हॉइस नोटिशीबरोबरच पाठवा आणि हॅंडओव्हर शीट पैसे आल्यावर देणार हे त्यातच लिहा. शीटमध्ये कुठली फाइल कुठे आहे, काय शेड्यूल केलंय, कुठलं काम अर्धवट आहे. पासवर्ड मात्र शीटमध्ये नको, ते पासवर्ड मॅनेजरमधूनच द्या, आणि त्याच्या अकाउंटमध्ये शिरायचा रस्ता पैशासाठी अडवू नका, वर सांगितलं ते आहेच.

अपवर्कवर असाल तर फीडबॅक दोघांनी दिल्यावर किंवा १४ दिवस संपल्यावरच दिसतो, म्हणून तो काय लिहील या भीतीने तुमचा गोडगोड करू नका, खरं आणि थोडक्यात लिहा.

आणि जाताना स्वतःचा मोबाईल नंबर त्याच्या अकाउंट्सच्या टू फॅक्टरमधून (लॉगिनला ओटीपी जातो तिथून) काढून त्याचा टाकून द्या, मेटा बिझनेसमधून (फेसबुक-इन्स्टाची पेजं सांभाळायची जागा) स्वतःचा ॲक्सेस काढा, जीमेलचं डेलिगेशन (त्याचा ईमेल बघायची तुम्हाला दिलेली परवानगी) काढायला सांगा आणि हे सगळं केल्याचा एक ईमेल तारखेसकट पाठवा. हे राहिलं की वर्षभराने रात्री अकराला ओटीपी विचारायला त्याचाच फोन येतो.